सुया ओवून ठेवल्या आहेत

मागच्या रविवारी थंडीचे कपडे काढायला वरचं कपाट उघडलं आणि आम्ही दोघी जावा तिथंच फरशीवर बसलो. एका पिशवीत क्रोशाच्या दोन टोप्या, दोन्ही अर्ध्या. दुसरीत गुलाबी लोकरीचं स्वेटर, एक बाही कमी. ज्या बाळासाठी ते सुरू केलं, ती आता तिसरीत आहे. रिंगमध्ये ताणलेली ओढणी, तिच्यावर साखळी टाक्याच्या तीन कैऱ्या आणि चौथीचा नुसता पेन्सिलीचा आकार. सगळ्यांच्या खाली अम्मींची गोधडी.

शाळेत आम्ही मुलींना सांगतो, घेतलेला धडा पुरा करा, मग पुढचा. घरी मात्र चार कामं एकदम! पण याला आळस म्हणायला आम्ही तयार नाही. क्रोशा एसटीतही चालतो. एकच टाका मोकळा असतो, स्टॉप आला की सुई काढून पर्समध्ये टाकली. स्वेटरला टाके मोजावे लागतात, पाहुण्यांत बसून ते होत नाही. भरतकामाला दिवसाचा उजेड लागतो, आणि तो आमचा शाळेत जातो. ज्या वेळेला जे जमेल ते हातात घ्यायचं. चुकलो ते इतकंच, की काम ठेवताना सुईचा नंबर आणि कितवी ओळ चालू आहे ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकलं नाही. लोकरीच्या लेबलवरचा रंगाचा लॉट नंबरही जपला नाही. आता तोच गुलाबी आणायला गेलो तर दुसऱ्या लॉटचा जरा वेगळा निघेल, आणि बाही लगेच ओळखू येईल.

म्हणून स्वेटर उसवलं. जाऊबाईंचा जीव कासावीस झाला, पण लोकर तर वाचली. खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळली, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवली आणि खाली थोडं वजन लावून सावलीत टांगली. वाळल्यावर वळ्या बऱ्याच गेल्या. टोप्यांपैकी एक रमजानपूर्वी पुरी करायची, दुसरी शेजारच्या मुलीला शिकायला दिली. ओढणीवर रिंगचा गोल डाग पडलाय. काम उठताना रिंग काढायची, हे आम्हीच मुलींना शिकवतो!

राहिली गोधडी. अब्बा गेल्यावर इद्दतीच्या ४ महिने १० दिवसांत अम्मींनी ती घातली होती. खाली त्यांची जुनी सुती साडी, वर अब्बांच्या लुंग्या आणि सदऱ्यांचे तुकडे. कडेपासून धावदोऱ्याने आत आत येत जायचं. (उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात; कोपऱ्यांना कापडाचं ‘फूल’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत.) मग अम्मींची नजर कमी झाली आणि गोधडी कपाटात गेली.

आम्ही म्हटलं, “अम्मी, दोन रविवारांत आम्ही संपवून देतो.” त्यांनी गोधडी मांडीवर ओढून घेतली. म्हणाल्या, “धागा तुम डाल देव. टाके मैं डालती.”

आता रोज असरनंतर दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, एवढंच आमचं काम. अम्मी बोटांनी चाचपत शिवतात. टाके तिरके जातात, कुठे लांब पडतात. एका रात्री आम्हाला राहवलं नाही. तीन टाके उसवून सरळ घातले. दुसऱ्या दिवशी अम्मींचं बोट त्या जागी थांबलं. बोलल्या काहीच नाहीत. ते तिन्ही उसवले आणि आपल्या हाताने पुन्हा घातले. आम्ही मान खाली घालून चहा ठेवायला गेलो.

मध्ये वीतभर जागा उरली आहे. काल सुया ओवताना धाकटीने विचारलं, “दादी, झाल्यावर ही कोण पांघरणार?”

“पहिले दोरा दे,” अम्मी म्हणाल्या.