तापाची चिठ्ठी लिहू नका



ऑक्टोबर आला की इथे न्यू जर्सीत आपल्या पाठशाळेतल्या सहावीच्या मुलांना एका ठरावीक दिवशी हमखास ताप येतो. शाळेत 'हॅचेट डे' असतो त्या दिवशी.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते. गॅरी पॉलसन यांची 'हॅचेट' ही १९८७ ची मुलांसाठीची कादंबरी. हॅचेट म्हणजे हातकुऱ्हाड. अमेरिकेत पाचवी-सहावीच्या कितीतरी वर्गांत ती वाचतात आणि वाचून झाली की काही शाळा एक दिवस मुलांना बाहेर नेतात. फांद्या आणि ताडपत्रीचा आडोसा उभारायचा, ठिणगी पाडून जाळ करायचा, पाणी गाळून उकळायचं, होकायंत्र वाचायचं, गाठी मारायच्या. आमच्या शाळेत यंदा त्यात आणखी एक टेबल आहे, मासा चिरून साफ करायचं. त्या एका टेबलापायी आपल्यातल्या काही जणी अख्खा दिवस बुडवतात, आणि तोही 'मुलाला ताप आहे' असं लिहून.

मला हे अजिबात पटत नाही, आणि मासा पटतो म्हणून नव्हे.

आत्ता कुठे दशलक्षण पर्व झालं. मुलांकडून उत्तम आर्जव, उत्तम सत्य पाठ करून घेतलं, स्टेजवर बोलायला लावलं, व्हिडिओ काढून गावी पाठवले. आणि महिन्याभरात त्याच मुलासमोर बसून आपण शाळेला खोटी चिठ्ठी लिहितो? त्याला ताप नाही हे त्याला माहीत असतं. आई धर्मासाठी खोटं बोलते आहे हेही समजतं. यातून तो अहिंसा शिकत नाही. आपला धर्म चारचौघांत सांगण्यासारखा नाही, तो लपवायचा असतो, एवढंच शिकतो. आणि पुढे हायस्कूलमध्ये तो आपल्यापासून काय काय लपवेल, याची मला जास्त काळजी वाटते.

'नावातच कुऱ्हाड, असलं पुस्तक हवंच कशाला' म्हणणाऱ्यांनी ते आधी वाचावं. तेरा वर्षांचा ब्रायन वडिलांकडे निघालेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान कॅनडातल्या जंगलात एका तळ्यात पडतं, आणि ५४ दिवस तो एकटा राहतो. जवळ आईने दिलेली कुऱ्हाड. ती खडकावर आपटून ठिणगी पडते, तिच्यावर तो विस्तव करतो. तो कासवाची अंडी खातो, मासे आणि पक्षी मारून खातो, हे मी झाकून ठेवणार नाही. पण शेवटाकडे विमानातल्या सामानात त्याला बंदूक सापडते, तेव्हा त्याला बरं वाटत नाही. ती हातात असली की भोवतालचं काही समजून घ्यायची गरजच उरत नाही, हे त्याला खुपतं. ही एक जागा घेऊन आपल्या मुलांशी तासभर बोलता येईल.

शाळेलाही माझं एक सांगणं आहे. ब्रायन उपाशी होता. आपली मुलं साडेअकराला डबा खाऊन मैदानावर जातात, तीन वाजता बस घरी सोडते. तिथे मासा कुणाची भूक भागवायला चिरायचा? 'तो मेलेलाच असतो' असं मला एका स्वयंसेवक पालकाने समजावलं. मेलेला असतो, पण याच खेळासाठी विकत आणलेला असतो. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही आपण पाठशाळेत शिकवतो ते याच प्रश्नासाठी.

मग एक ताई म्हणाल्या, जाळ करणंसुद्धा हिंसाच, तेही नको. ताई, आपण दिवसातून तीनदा गॅस पेटवतो. गृहस्थाला स्वयंपाकपाण्यात जी चुकत नाही ती आरंभी हिंसा. ती यत्नाचाराने कमीत कमी करायची. ठरवून जीव घ्यायचा ती संकल्पी, आणि ती सोडायचीच. हा फरक जैन बाईला स्वयंपाकघरातच कळलेला असतो. पानं झटकून, किडामुंगी पाहून, लागेल तेवढाच जाळ कसा करायचा, हे त्या मैदानावर आपल्या मुलाइतकं कोण नीट करेल?

खरं म्हणजे या दिवसातलं निम्मं आपल्याच घरचं आहे. माझी कुंभोजकडची आजी दुहेरी कापडातून पाणी गाळायची आणि मग गाळणं उलटं करून, वरून पाणी ओतून, त्यातले जीव परत विहिरीत सोडायची. शाळा रुमालातून गाळायला शिकवते, पण ही शेवटची पायरी तिथे कुणाला ठाऊक नाही. चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकायचं, सूर्य कुठे आला ते बघून जेवण आटपायचं, हे रानात राहायचेच नियम आहेत. आपले मुनी आयुष्यभर अनवाणी चालतात, आणि आपल्या अकरा वर्षांच्या लेकरांची दप्तरं आपण बसपर्यंत पोचवतो. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचेच, जैन घरातले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना श्रम करून शिकायला लावलं. त्यांच्या गावाचा अभिमान सांगायचा आणि मुलाच्या हाताला माती लागू द्यायची नाही, हे जमत नाही बाई.

आणि एक. मासा दिसतो म्हणून आपण दचकतो. दिवसाच्या शेवटी मुलं शेकोटीवर मार्शमेलो भाजतात, त्यात जिलेटिन असतं, जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. ज्या ग्रॅहॅम क्रॅकरमध्ये ते दाबून खातात, त्यांपैकी बऱ्याच क्रॅकरमध्ये मध असतो. माशावरून शाळा बुडवणाऱ्या घरांतही वाढदिवसाला हीच पाकिटं फुटलेली मी पाहिली आहेत. पाकिटाची मागची बाजू वाचायला चिठ्ठीइतकाच वेळ लागतो.

'पण मुलगा एकटा पडेल, मार्क कापतील.' नाही कापणार. न्यू जर्सीत कायदाच आहे: पब्लिक स्कूलमधला कोणताही विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून प्राणी चिरायला, पकडायला किंवा त्याला इजा करायला नकार देऊ शकतो. शाळेने त्याला दुसरं काम द्यायचं असतं, नकारामुळे गुण कमी करता येत नाहीत. हा हक्क वर्षाच्या सुरुवातीला पालकांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. सप्टेंबरच्या कागदांच्या गठ्ठ्यात शोधा, सापडेल. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला नियम शाळेलाच विचारा.

एकटेपणाचं म्हणाल तर, एका वर्गातल्या चार आयांनी एकाच दिवशी ताप लिहिला की चार मुलं चार घरांत एकटी बसतात. चौघींनी खरं लिहिलं तर चौघं मिळून आडोसा बांधतील.

मी लिहिलं ते असं: आम्ही जैन आहोत. माझा मुलगा दिवसभर येईल, सगळं करेल, माशाच्या टेबलावर जाणार नाही. त्या वेळात तो पाणी गाळायच्या टेबलावर मदत करेल. मार्शमेलो आणि क्रॅकर त्याचे तो घरून आणेल, पाच-सहा मुलांना पुरतील एवढे. बाईंचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. माशाच्या टेबलाला दुसरं काय करता येईल, असं त्यांनी विचारलं आहे. मी झाडपाला ओळखण्याचं सुचवलं. त्या बघते म्हणाल्या आहेत, अजून ठरलेलं नाही.

परवानगीचा कागद शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. गाळण्यासाठी माझ्याकडे मांजरपाटाचे धुतलेले तुकडे आहेत, दुहेरी शिवलेले. कुणाला हवे असतील तर रविवारी पाठशाळेत घेऊन येते.