ग्रुपमधली 'ताई' आणि पावडरचा डबा

तुम्ही नुकत्याच आई झाला असाल, किंवा घरात सून-मुलगी बाळंतीण असेल, तर मोबाइलवर नव्या आयांचा एखादा ग्रुप नक्कीच असेल. रात्री अडीच वाजता बाळ रडते, घरातले सगळे झोपलेले असतात. अशा वेळी त्या ग्रुपचा मोठा आधार वाटतो, आणि तो असतोही. माझे भांडण ग्रुपशी नाही. नाव न सांगता त्यात शिरणाऱ्या कंपन्यांशी आहे.

"माझं दूध पुरत नाही बहुतेक," असे एखादी आई लिहिते. पाच मिनिटांत एक 'ताई' उत्तर देते, "अगं, माझंही असंच होतं. मी अमुक पावडर सुरू केली, बाळ रात्रभर झोपायला लागलं." ही ताई खरी आई असू शकते. पण तिला या पोस्टचे पैसे किंवा फुकट डबे मिळत असतील, आणि ते तिने सांगितले नसेल, तर तो अनुभव नाही, जाहिरात आहे.

वेष नवा, युक्ती जुनी

1960-70 च्या दशकांत दुधाच्या पावडरच्या कंपन्या आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत आणि घरोघरी 'मिल्क नर्स' पाठवत. त्यांच्या अंगावर नर्ससारखा पांढरा गणवेश असे, पण पगार कंपनीचा. बाळंतिणीला वाटे, नर्सबाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार. घरी गेल्यावर डबा परवडेना, म्हणून पावडर पातळ केली जाई. पाणी अशुद्ध, बाटली नीट उकळलेली नाही. मुले जुलाबाने आणि कुपोषणाने दगावली. 1974 मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने यावर पुस्तिका काढली, 1977 मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 118 विरुद्ध 1 मतांनी आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबाबत आचारसंहिता मंजूर केली. कंपनीच्या माणसांनी आयांशी थेट किंवा आडून संपर्क साधू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

पांढरा गणवेश गेला, त्या जागी 'ताई' आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार या कंपन्यांची समाजमाध्यम खाती दिवसाला सुमारे 90 पोस्ट टाकत होती आणि त्या 22.9 कोटी लोकांपर्यंत पोचत होत्या. अ‍ॅप, 'बेबी क्लब', सल्ला देणारे ग्रुप, पैसे घेऊन लिहिणारे इन्फ्लुएन्सर हे सगळे मार्ग अहवालात नोंदवले आहेत.

एका बाटलीने काय बिघडते?

इथे शरीराचे गणित समजून घ्या. बाळ जितके ओढेल, तितके दूध तयार होते. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन सुटते आणि दूध बनते. स्तन रिकामे झाले नाहीत तर शरीर दूध कमी करते. गरज नसताना बाटली दिली की बाळ अंगावर कमी पिते आणि दूध खरोखरच आटायला लागते. म्हणजे 'दूध पुरत नाही' ही जी भीती आधी खोटी होती, ती त्या बाटलीने खरी केली. आता दर आठवड्याला डबा लागणार. इतके हमखास गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळते?

बाळ वारंवार प्यायला मागते, संध्याकाळी किरकिर करते, हे पहिल्या काही आठवड्यांत नेहमीचे आहे. दूध पुरते की नाही याच्या खुणा वेगळ्या. पहिला आठवडा उलटला की चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते, आणि जन्मानंतर घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. हे होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही आयांना पावडरीचे दूध द्यावेच लागते. त्यात अपराधी वाटण्यासारखे काहीही नाही. फक्त तो निर्णय बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलून व्हावा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 1992 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे दूध-पर्याय, बाळांचे तयार अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद. विक्री वाढवण्यासाठी गरोदर स्त्रीशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधणेही बंद. इलेक्ट्रॉनिक माध्यमेही त्यात आली. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, दंड मात्र पाच हजारांपर्यंत. एवढी रक्कम मोठ्या कंपनीच्या चहापाण्यावर खर्च होत असेल! मग पळवाटा निघतात. 'दोन वर्षांवरील मुलांसाठी' म्हणून तसाच डबा, तेच रंग, किंवा आईसाठी त्याच नावाची पावडर.

मग कंपन्यांनी बोलूच नये का?

"कंपनी माहितीच देते ना, त्यात वाईट काय?" असे मला विचारले जाते. तान्ह्या बाळांच्या दुधाबाबत माझे उत्तर सरळ आहे: विकणाऱ्याने आयांच्या ग्रुपमध्ये येऊ नये. इतर वस्तूंबाबत मी इतका कडवा नाही. मधुमेहींच्या ग्रुपमध्ये ग्लुकोमीटर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला तर त्याचा उपयोगच होईल, पण काही अटींवर.

कंपनीचे नाव लावून यावे, 'मीही एक पेशंट' म्हणून नाही. आपल्या वस्तूबद्दलच बोलावे: पट्ट्या कशा ठेवायच्या, डबी उघडल्यावर किती दिवस चालतात, रीडिंग चुकीचे कशाने येते. औषध सोडा किंवा बदला असे कधीही सांगू नये. तक्रार आली तर सगळ्यांसमोर उत्तर द्यावे. अ‍ॅडमिनला सांगून पोस्ट काढायला लावू नये. सभासदांचे नंबर उचलून त्यांना फोन करू नयेत. आणि सदोष माल बाजारात गेला असेल तर ते स्वतःहून, सर्वांत आधी सांगावे. एवढे जी कंपनी करील तिला 'आम्ही तुमच्यातलेच' म्हणायची गरजच पडणार नाही.

यात फार मोठे काही मागितलेले नाही. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे, हे केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्ही काय कराल?

ग्रुपमध्ये कोणी ब्रँडचे नाव घेऊन कौतुक केले, तर सरळ विचारा: "तुम्हाला यासाठी काही मिळालं का?" खऱ्या आईला या प्रश्नाचा राग येणार नाही. तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर हा नियमच करून ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा, आणि कंपनीकडून स्वतः काही घेत असाल तर तेही लिहा. पोस्टचा स्क्रीनशॉट ठेवा. फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर करता येते.

आणि रात्री अडीचला बाळ रडले, तर आधी त्याला अंगावर घ्या. ग्रुप नंतर उघडा.