सिंगापूर ते जकार्ता: अंतर तासाभराचं, मग तिकिटावर पावणेदोन तास का?

सिंगापूरच्या चांगी विमानतळापासून जकार्ताच्या सुकार्नो-हत्ता विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे 880 किमी. जेट विमानाचा वेग ताशी 850 किमी धरला तर तासाभरात पोहोचायला हवं. पण तिकिटावर साधारण पावणेदोन तास दिसतात. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही.

ॲप जे अंतर दाखवतं ते दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन काढलेलं, पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वात कमी अंतर असतं. तिकिटावरची वेळ मात्र गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. त्यात रनवेची रांग, वर चढणं, खाली उतरणं आणि उतरायला परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालणं, सगळं येतं.

त्यात विमान सरळ रेषेत जातच नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं. हे मार्ग कोण सांभाळणार, हा या भागात जुना वाद. इंडोनेशियाच्या रियाऊ बेटांवरच्या आकाशाचं नियंत्रण 1946 पासून सिंगापूरकडे होतं. जानेवारी 2022 मध्ये करार झाला आणि 21 मार्च 2024 पासून ते आकाश इंडोनेशियाच्या हद्दीत आलं. पण त्यातल्या एका भागात 37,000 फुटांखालची सेवा 25 वर्षांसाठी पुन्हा सिंगापूरकडेच सोपवली आहे. माझ्या मते हा शहाणपणाचा मार्ग आहे. इंडोनेशियाला सार्वभौमत्व मिळालं आणि चांगीला चढत्या-उतरत्या विमानांसाठी दोन कंट्रोल रूम्समध्ये फोडाफोड करावी लागली नाही.

आता खरी गंमत घड्याळाची. नकाशात सिंगापूर जकार्ताच्या थोडं पश्चिमेला आहे, तरी त्याचं घड्याळ एक तास पुढे! कारण मलेशियाने 1982 मध्ये देशभर एकच वेळ लागू केली आणि सिंगापूरनेही तीच घेतली.

यात मी स्वतः आपटलोय. जुन्या नोकरीत प्रवासाच्या ॲपसाठी मी कोड लिहिला: निघण्याची वेळ अधिक प्रवासाचा कालावधी. जकार्ताहून सकाळी 8 ला निघालेलं विमान सिंगापूरला 9:45 ला पोहोचेल असं ॲपने दाखवलं. तिथल्या घड्याळात तेव्हा 10:45 वाजले होते. एका प्रवाशाने त्या भरवशावर पुढचं वेगळं तिकीट काढलं होतं. त्याचं विमान सुटलं, पैसेही बुडाले. दुरुस्ती दोन ओळींची होती: वेळ यूटीसीमध्ये साठवायची आणि दाखवताना त्या शहराचा टाइमझोन लावायचा.

तेव्हा मंडळी, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या शहरातल्या असतात, हे लक्षात ठेवा. कनेक्टिंग फ्लाइट बुक करताना ॲपवर विसंबू नका, बोटांवर एकदा तास मोजाच.