पिकवतो तंजावरचा मजूर, उचलतात मद्यार्काचे कारखानदार

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजांची गादी, सरस्वती महालातील पोथ्या आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतात. पण चोळांपासून इंग्रजांपर्यंत प्रत्येक सत्तेने या मुलखावर डोळा ठेवला तो पोथ्यांसाठी नव्हे. कावेरीच्या गाळात वर्षाकाठी कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम निघतात, आणि त्या भातावर देवस्थाने, मठ, मिरासदार व सरकारे पोसली गेली. ज्यांनी चिखलात उभे राहून तो भात लावला आणि कापला, त्यांच्या पोटात त्यातले किती गेले, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

दिल्लीच्या अर्थपंडितांना हा प्रश्न जुनाट वाटतो. ते आकडे पुढे करतात: 1960-61 मध्ये देशात सुमारे साडेतीन कोटी टन तांदूळ पिकला होता, 2024-25 मध्ये तो 15 कोटी टनांवर गेला, आज भारत हा जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे. आकडे खरे आहेत. परंतु तांदूळ पिकणे आणि तो माणसाने खाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंच्या मधे बाजार, गोदाम आणि राज्यसत्ता उभी आहे.

सरकारचीच आर्थिक पाहणी याची साक्ष देते. एकूण उत्पादनातून बियाणे, पशुखाद्य व नासाडीपोटी साडेबारा टक्के वजा करायचे, निव्वळ आयात मिळवायची, सरकारी साठ्यात पडलेली भर वजा करायची, आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे, अशी दरडोई उपलब्धता काढण्याची रीत आहे. या रीतीने 1961 साली माणशी दररोज 201 ग्रॅम तांदूळ उपलब्ध होता. 1991 मध्ये तो 222 ग्रॅमच्या आसपास पोहोचला. नंतर उदारीकरणाचे दशक उजाडले, 1997 मध्ये रेशनव्यवस्था ‘लक्ष्याधारित’ करून कोट्यवधी कुटुंबांना तिच्याबाहेर लोटण्यात आले, आणि 2001 साली तोच आकडा 190 ग्रॅमवर घसरला. चाळीस वर्षांची हरितक्रांती पार पाडून देश 1961 च्याही खाली! डाळीही त्याच दशकात 42 ग्रॅमवरून 30 ग्रॅमवर आल्या. म्हणजे लोक तांदूळ सोडून डाळीकडे वळले, हा युक्तिवादही तेथेच कोसळतो.

मग धान्य गेले कोठे? गोदामात. 2002 च्या जुलैत केंद्राच्या कोठारांत गहू-तांदूळ मिळून सहा कोटी टनांहून अधिक साठा होता. तो उपाशी माणसाला देण्याऐवजी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना लावलेल्या दराच्या आसपास निर्यात व्यापाऱ्यांच्या हवाली करण्यात आला. परदेशी गिऱ्हाइकाला जी सवलत मिळाली, तीच मागणाऱ्या देशातील गरिबाला तिजोरीवरचा भार म्हटले गेले. पुढील काळात उपलब्धतेचा आकडा पुन्हा वर चढला, हे मान्य केले पाहिजे. पण सरासरी ही सरासरीच. तीत जमीनदाराचे ताट आणि मजुराची थाळी एकाच मापाने मोजली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुले खुरटलेली आणि 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. माणसे चवीपालटासाठी कमी धान्य खातात असे सांगणाऱ्यांनी या मुलांची उंची मोजावी.

अर्ध्या मापाची किंमत

तंजावरने हे गणित फार पूर्वी, रक्त सांडून मांडले आहे. 1960-61 मध्ये सघन शेतीच्या कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावर होता. फोर्ड फाउंडेशनचे तज्ज्ञ आले, खते आली, आडुतुरैच्या संशोधन केंद्रातले एडीटी-27 हे अल्पमुदतीचे भात आले. पीक वाढले. वाढीव पिकातला वाटा मात्र मिरासदाराच्या कणगीत गेला. मजुरी भाताच्या मापाने मिळत असे. त्या मापात अर्ध्या मापाची वाढ मागणाऱ्या लाल बावट्याच्या दलित शेतमजुरांवर भात उत्पादकांच्या संघटनेने बाहेरगावचे मजूर आणि गुंड सोडले. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री किळवेण्मणी येथे (ते गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते, आज नागपट्टिनममध्ये आहे) एका झोपडीत आश्रयाला शिरलेली 44 माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, जिवंत जाळण्यात आली. खटला चालला, खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिल्या आणि उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. 1969 मध्ये सरकारने पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या न्याय्य वेतनाचा कायदा केला, तोही एवढे जळाल्यानंतर.

तामिळनाडूने केंद्राचा लक्ष्याधारित मार्ग न स्वीकारता रेशन सरसकट ठेवले आणि 2011 च्या जूनपासून तांदूळ मोफत दिला. मुख्यमंत्र्यांच्या छायाचित्रांनी सजलेल्या थैल्यांत ती सवलत येते, पण ती कोणाच्या औदार्याने आलेली नाही. कापणीचे बहुतेक काम आज यंत्रे करतात. मजुरीतले भाताचे माप गेले, आता त्या घराची चूल रेशनवरच पेटते.

अन्न महामंडळ कोणाचे?

कोणत्याही खतापेक्षा आज ज्या नव्या गिऱ्हाइकाकडे पाहायला हवे ते म्हणजे मद्यार्काचे कारखाने. टाळेबंदीत स्थलांतरित मजूर रस्त्यावर उपाशी चालत असताना, 2020 च्या एप्रिलमध्ये, केंद्राने ‘अतिरिक्त’ तांदूळ इथेनॉलसाठी देण्यास मंजुरी दिली. 2023 च्या जूनमध्ये कर्नाटकाने माणशी पाच किलो जादा देण्यासाठी किलोमागे 34 रुपये मोजून तांदूळ मागितला, तेव्हा राज्यांना होणारी विक्रीच बंद करण्यात आली. त्या वर्षी कारखान्यांचाही पुरवठा थांबवला गेला, हे खरे. पण 2025 च्या जानेवारीत दरवाजा उघडला तो साडेबावीस रुपये किलोने, राज्यांसाठी 12 लाख टन आणि इथेनॉलसाठी 24 लाख टन! इथेनॉलचा कोटा पुढे 52 लाख टनांवर गेला. महामंडळाला हाच तांदूळ किलोमागे सुमारे चाळीस रुपयांना पडतो. मधला फरक जनतेच्या करातून भरला जातो. माणशी महिना पाच किलो धरल्यास 52 लाख टन म्हणजे साडेआठ कोटी माणसांचे वर्षाचे रेशन, 2011 च्या जनगणनेतील अख्ख्या तामिळनाडूपेक्षा अधिक.

महाराष्ट्रातील वाचकाने यात आपले घरही पाहावे. विदर्भ-मराठवाड्यातील 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दोन-तीन रुपये किलोने मिळणारे धान्य 2023 मध्ये बंद झाले आणि माणशी 150 रुपये हातावर ठेवण्यात आले.

आणि तंजावर? 2025 च्या ऑक्टोबरात कुरुवैची कापणी आणि ईशान्य मोसमी पाऊस एकत्र आले. खरेदी केंद्रांबाहेर रस्त्याच्या कडेला भाताचे ढीग भिजले, दाण्याला कोंब फुटले. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. राज्याने 22 मागितले, पथके आली, नमुने घेऊन गेली. राज्य सरकारही येथे सुटत नाही: पाऊस दर वर्षी येतो, तरी पुरेशी गोदामे, ताडपत्र्या आणि वाळवणाची यंत्रे का नाहीत? कारखानदाराला किलोमागे सतरा-अठरा रुपयांची सूट देताना हात आखडत नाही, शेतकऱ्याच्या भातातला ओलावा मात्र टक्क्याटक्क्याने मोजला जातो.

माणसाच्या अन्नातून मद्यार्काचा कोटा रद्द झाला पाहिजे. राज्यांना मागतील तितका तांदूळ त्याच साडेबावीस रुपयांनी मिळाला पाहिजे. 2011 च्या जनगणनेवर गोठवलेली रेशनची यादी खुली करून ते देशभर सरसकट झाले पाहिजे. आणि कावेरीच्या खोऱ्यात पुढचा कुरुवै कापला जाण्यापूर्वी प्रत्येक खरेदी केंद्रावर छप्पर व वाळवणयंत्र उभे राहिले पाहिजे.