मोडीत निघालेली साक्ष

आपल्या घराघरांतून जुन्या इंग्रजी नाण्यांविषयी दोन समजुती पक्क्या रुजलेल्या आहेत. एक अशी की, नाणे म्हणजे अखेर धातूचा तुकडा. सोन्याचे असेल तर सराफाच्या काट्यावर घालावे, चांदीचे असेल तर वितळवून निरांजन करावे आणि तांब्याचे असेल तर मुलांना खेळायला द्यावे. दुसरी समजूत याच्या अगदी उलट, आणि अलीकडे फार फोफावलेली: नाणे जुने आहे ना, मग त्याचे लाखो रुपये आलेच पाहिजेत! वरवर पाहता या दोन समजुतींचे एकमेकींशी वैर दिसते. प्रत्यक्षात त्या सख्ख्या बहिणी आहेत. नाण्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याची तसदी दोघींपैकी एकीलाही घ्यावीशी वाटत नाही. माझे भांडण आहे ते या न वाचण्याशी.

प्रथम स्वतःचाच गुन्हा कबूल करतो. इंदुरातील आमच्या घरी अकरा गिन्यांची एक माळ होती. होळकरांच्या चाकरीत असताना पणजोबांनी ती करवली, असे घरात सांगितले जाई. २००१ साली एका भाच्याच्या शिक्षणासाठी ती विकायचे ठरले. पिशवी घेऊन पेढीवर मीच गेलो होतो. तेथील माणसाने पक्कडीने कड्या तोडल्या, डाक वजा केला, घट धरली आणि मोडीचा हिशेब करून पैसे मोजून दिले. एका गिनीचे प्रमाण वजन ७.९८८ ग्रॅम, म्हणजे अकरांचे सुमारे साडेसात तोळे. व्यवहार चोख होता; त्या पेढीला मी दोष देत नाही. दोष आमचा. एकाही गिनीवरचा सन आम्ही वाचला नाही.

पुढे मोठ्या काकू गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत माझी शाळकरी वही सापडली. लहानपणी कागद ठेवून वर शिसपेन्सिल घासून मी तीन गिन्यांचे ठसे घेतले होते. एकीवर १८८७, दुसरीवर १९०२ आणि तिसरीवर १९१८. आणि या तिसरीच्या सनाच्या वर, जमिनीच्या रेघेवर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर.

या अक्षराचा अर्थ सांगायला हवा. आपण जिला गिनी म्हणतो, ती बहुधा गिनी नसतेच. खरी गिनी इंग्लंडात १६६३ ते १८१४ या काळात पाडली गेली. आपल्या आजी-पणजीच्या गळ्यात आली ती सॉव्हरिन. १८१७ साली सुरू झालेली, बावीस कॅरटची, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाची. तिच्या एका बाजूला राजा किंवा राणीचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला बहुधा पिस्त्रुची या इटालियन कारागिराने कोरलेला, राक्षसी सर्पाला मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज. ही नाणी लंडनखेरीज साम्राज्यातील इतर टांकसाळींतही पाडली जात आणि बारीक अक्षराने त्यांची ओळख पटे: सिडनीचा ‘एस’, मेलबर्नचा ‘एम’, पर्थचा ‘पी’, कॅनडातील ओटावाचा ‘सी’, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाचा ‘एस ए’. ‘आय’ म्हणजे इंडिया, अर्थात मुंबईची टांकसाळ. पहिल्या महायुद्धामुळे समुद्रमार्गे सोन्याची ने-आण धोक्याची झाली, तेव्हा मुंबईत लंडनच्या टांकसाळीची शाखा उघडून १९१८ या एकाच सनाची सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडण्यात आली. त्याच वर्षी तेथे त्याच वजनाची पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पाडली गेली, कारण १८९९ पासून सॉव्हरिनचा कायदेशीर भाव पंधरा रुपये ठरलेला होता.

आता गणित मांडा. आमचे पणजोबा १९०९ साली वारले. मग १९१८ ची गिनी त्यांनी करवलेल्या माळेत आली कुठून? ती कोणीतरी मागाहून ओवली. विधवा पणजीने? नव्याने घरात आलेल्या आजीने? स्वतःच्या कोणत्या पैशातून? ‘पणजोबांची माळ’ या आमच्या कुलकथेला त्या एका अक्षराने तडा दिला आहे आणि त्या तड्यातून घरातल्या एखाद्या स्त्रीचा हात दिसतो आहे. २००१ साली मोठ्या काकू हयात होत्या, त्यांची स्मृती शाबूत होती. कोणी सन वाचला असता, तर कोणी प्रश्न विचारला असता, आणि कदाचित उत्तरही मिळाले असते. आज ना माळ आहे, ना काकू. आम्ही सोने विकले असे आम्हाला वाटत होते. विकली ती साक्ष.

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे तुमचे पैशाचे नुकसान झाले, म्हणून हा आक्रोश.’ तसे मुळीच नाही. मुंबईची सॉव्हरिन काही अतिदुर्मिळ नव्हे. सोन्याच्या भावापेक्षा ती थोडी अधिक किमतीला जाते, इतकेच. येथेच दुसऱ्या समजुतीचा समाचार घेणे प्राप्त आहे.

जुनेपणा म्हणजे किंमत नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयांवर १८६२ हा सन असंख्य दिसतो, कारण पुढे कित्येक वर्षे तोच सन कायम ठेवून रुपये पाडले जात होते. दीडशे वर्षांहून जुना, आणि तरीही सर्रास मिळणारा. उलट सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया सहज सापडतो आणि १९३९ चा दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणूनच त्याच्या नकलाही फार. आठव्या एडवर्डने राज्य सोडल्यामुळे १९३७ ची त्याची सॉव्हरिन चलनात आलीच नाही. नमुन्याची मोजकी नाणी तेवढी राहिली. त्यांतील एक २०२० साली दहा लाख पौंडांना विकले गेले. ते कुणाच्या देव्हाऱ्यात सापडणार नाही! नाण्याची किंमत ठरते ती धातू, दुर्मिळता, झीज आणि घेणाऱ्याची ओढ या चार गोष्टींवर. हे न समजणाऱ्या माणसाला ‘तुमच्या नाण्याचे अमुक लाख देतो, आधी नोंदणीचे शुल्क भरा’ म्हणणारा ठग हमखास भेटतो. असले लोक रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क आणि कर मागतात, असा इशारा त्या बँकेलाच ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. मोडीत घालणारा आणि लाखांची स्वप्ने पाहणारा, दोघेही शेवटी नागवलेच जातात.

तिसरा एक आक्षेप आमच्याच सभांतून ऐकू येतो, आणि तो अधिक आदराने ऐकण्याजोगा आहे: ‘ज्या राणीने आपल्याला गुलाम केले, तिचे मुखवटे कशाला जपायचे?’ मी विचारतो, तो मुखवटा आपल्या घरात आला कसा? ग्वाल्हेरला शिंद्यांचे नाणे होते, बडोद्याला गायकवाडांचे बाबाशाही, हैदराबादेत निजामाचा हाली सिक्का, गोव्यात पोर्तुगीजांची रुपी. घरचे नाणे चालत असतानाही गिनी का साठवली गेली? कारण ती संस्थानाच्या सीमेवर अडत नसे. बदलीच्या गावी, माहेरी, तीर्थयात्रेत, सगळीकडे तिचा कस ठाऊक असे. आपण महाराष्ट्राबाहेर वसलेली माणसे. आपल्या पूर्वजांच्या अस्थिरतेचा आणि सावधपणाचा याहून बोलका पुरावा कोणता? मुखवटा राणीचा असेल. घाम आपला होता. आणि १८७७ नंतरच्या रुपयांवर ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ हा शब्द आला, ते पारतंत्र्याचे प्रमाणपत्रच आहे. प्रमाणपत्र जाळल्याने इतिहास बदलत नाही, फक्त पुरावा जातो.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मी नम्र होतो. घरात आजारपण आहे, मुलीचे शिक्षण अडले आहे; अशा वेळी नाणी कुरवाळीत बसायचे काय? नाही. जरूर विकावीत. आडवेळेला उपयोगी पडावे म्हणूनच तर ती साठवली गेली. विकणे हे पाप नव्हे. न ओळखता विकणे हे पाप आहे. आणि ओळखायला एक संध्याकाळ पुरते. प्रत्येक नाण्याचा सन, मुखवटा, बारीक अक्षर आणि वजन लिहून काढावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला ते कोणाचे आणि कोठून आले हे विचारावे आणि तिचे शब्द तसेच टिपून ठेवावेत. वजन वा व्यास जुळला नाही, तर ते दागिन्यासाठी केलेले नकली नाणे असण्याचा संभव असतो, हेही कळून जाते. सराफाला विचारावेच, पण नाण्यांच्या जाणकार व्यापाऱ्यालाही विचारावे. पहिला भाव धातूचा सांगेल, दुसरा नाण्याचा. डाक लावलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतो, म्हणून नव्या कड्या लावू नयेत. आणि कृपा करून चिंच, राख, रांगोळी यांनी नाणी घासू नयेत. त्या एका लखलखाटापायी शंभर वर्षांचा मूळ पृष्ठभाग जातो. लक्ष्मीपूजनाला एखादा झिजलेला रुपया ठेवावा, देवीला तेवढा चालतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या परदेशी धाडता येत नाही, हे परदेशस्थ मुलांनाही सांगून ठेवावे.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. आपण दरवर्षी संमेलने भरवतो, शारदोत्सव करतो, ‘आमचे पूर्वज पेशव्यांबरोबर इकडे आले’ हे वाक्य व्यासपीठावरून न चुकता म्हणतो. ते पूर्वज इकडे आल्यावर जगले कसे, त्यांनी काय कमावले, काय लपवले, कोणत्या सुनेने काय जोडले, याची एखादी नोंदवही आपल्यापैकी कितीजणांनी ठेवली आहे? वार्षिक सभेतला अर्धा दिवस याला द्यावा. कोणी नाणी आणू नयेत. फक्त नोंदी आणि छायाचित्रे आणावीत. चोरीची भीती वाटत असेल तर नाव-पत्ता गाळावा, नाण्यामागची गोष्ट मात्र गाळू नये.

माझ्यापाशी आता पेन्सिलीचे तीन ठसे उरले आहेत. तुमच्या कपाटात अजून खरी नाणी असतील. उद्या ती विकायची असली तरी आज एकदा उजेडात धरून वाचा. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून वाचा.