मागे ठेवलेल्या गड्याचा भाव वीस मिनिटे?

संपादक महोदय,

सोमवारच्या अंकातील सांघिक साहसस्पर्धेचा वृत्तान्त आणि त्यावर शुक्रवारी छापलेली तिन्ही पत्रे वाचली. पहिल्या आलेल्या संघाला वीस मिनिटांचा दंड लावून दुसऱ्या क्रमांकावर ढकलले, म्हणून तिन्ही पत्रलेखक हळहळले आहेत. नियमांच्या ओझ्याखाली साहस गुदमरते आहे, असा एकाने गळाच काढला आहे. माझीही तक्रार त्या दंडाविषयीच आहे. तो फार थोडा झाला. त्या संघाला तिथल्या तिथे बाद करायला हवे होते.

घडले काय, ते आपल्याच बातमीदाराने लिहिले आहे, फक्त कौतुकाच्या सुरात. चौघांतल्या एकाच्या पायात गोळे येऊ लागले. त्याला किल्ल्याच्या पदरात एका झाडाखाली बसवून बाकीचे तिघे माथ्यावर गेले, चेकपॉइंटवर नोंद करून खाली आले आणि त्याला घेऊन पुढे निघाले. आपल्या बातमीत याला चक्क ‘प्रसंगावधान’ म्हटले आहे! गोळे आलेल्या माणसाला वर चढवून परत उतरवायचे, तर तास-दीड तास सहज मोडला असता. त्याऐवजी वीस मिनिटे मोजली आणि सुटले. हा दंड कसला, हा तर दर झाला. तोही परवडणारा. पुढच्या वर्षी दुबळ्या गड्याला कुठे बसवायचे, याचा विचार संघ नकाशा हाती येताच करू लागतील.

त्या झाडाखाली बसलेल्या माणसाजवळ काय होते, हे एकाही पत्रलेखकाला विचारावेसे वाटले नाही. अशा स्पर्धांत ट्रॅकर साधारणपणे संघाला एक असतो. प्रथमोपचाराची पेटी एक, दोर एक, नकाशाही बहुधा एकच. ओझे कमी व्हावे म्हणून सामान चौघांत वाटून घेतलेले असते. तिघे वर गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ट्रॅकरही वर गेला. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर अख्खा संघ माथ्यावर दिसत होता. खालच्या माणसाकडे उरली पाण्याची बाटली आणि रेंज नसलेला मोबाइल. आग्यामोहोळ उठले असते, पाय घसरला असता, चक्कर येऊन ओढ्यात गेला असता, तर त्याला शोधायला माणसे कुठे गेली असती? माथ्यावर.

संघाने एकत्र राहावे, हा नियम खिलाडूवृत्तीच्या भाषणासाठी केलेला नाही. साहसस्पर्धांच्या जागतिक मालिकेत चौघांचा मिश्र संघ असतो. एकमेकांपासून किती अंतरावर राहायचे हे मीटरांत ठरलेले असते, स्पर्धेगणिक ५० किंवा १००. एक गडी गळाला की त्या संघाला क्रमवारीत जागा उरत नाही. सुरक्षेची बाकी सगळी मांडणी या एका नियमावर उभी आहे. तो ढिला केलात की पेटी, दोर, ट्रॅकर, सगळेच चुकीच्या माणसाजवळ जाऊन बसते.

शरीराचाही मुद्दा आहे. उष्माघात असो की अंग गारठणे असो, माणसाची शुद्ध हरपण्याआधी त्याची अक्कल जाते. ‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’ असे तो हटकून सांगतो, कारण आपण ठीक नाही हे त्याला कळतच नसते. बोलणे अडखळते आहे, घाम थांबला आहे, चाल वाकडी पडते आहे, हे शेजारून चालणाऱ्यालाच दिसते. चेकपॉइंटवर स्वयंसेवक म्हणून बसलेल्या कोणालाही विचारा. येणारा प्रत्येक जण हसतो आणि अंगठा वर करतो. खरी हकिगत कळते ती त्याच्या सोबत्यांच्या चेहऱ्यावरून.

ज्यांना हे अतिरंजित वाटते, त्यांनी दोन स्पर्धा शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑक्टोबर २००८, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले बॉरोडेल. १९६८ पासून चालत आलेली दोन दिवसांची डोंगरी स्पर्धा. जोडीने पळायचे आणि तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, खाणे, सगळे स्वतःच्या पाठीवर न्यायचे. त्या शनिवारी वादळ आणि पूर आला, स्पर्धा मध्येच थांबवली. डोंगरात सुमारे अडीच हजार माणसे. सतराशे जण बेपत्ता, अशी वाहिन्यांवर हाकाटी. रात्र त्यांनी तंबूत, गोठ्यांत, मिळेल त्या आडोशाला काढली आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे आपल्या पायांनी खाली आले. मृत्यू एकही नाही. दुसरी स्पर्धा चीनच्या गान्सू प्रांतातली, २२ मे २०२१. शंभर किलोमीटर, १७२ धावपटू, प्रत्येक जण एकटा. भरदिवसा हवा फिरली, गार वारा सुटला, पाऊस आणि गारा आल्या. वाऱ्यापासून वाचवणारे जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हते. २१ माणसे गेली. लिआंग जिंगसारखा त्या देशातला अव्वल धावपटूही त्यांत होता. सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने, आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून.

अडीच हजारांत शून्य आणि १७२ जणांत २१. हवामान वेगळे, उंची वेगळी, तुलना काटेकोर नाही, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. मला त्यात जोडीदार आणि पाठीवरचे सामान दिसते, आणि तेवढे पुरे आहे.

सोबत असली म्हणजे सगळेच टळते, असे मी म्हणत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या प्रायमल क्वेस्ट स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नायजेल ऐलॉट वरून सुटलेल्या धोंड्याने गेला. तिथे संघ होता, अनुभव होता. डोंगर डोंगर असतो. पण ते कारण पुढे करून झाडाखाली माणूस सोडून जायची मुभा मिळत नाही. साहस कमी होते म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, चुकीच्या ढोरवाटेला लागून परत फिरा, अंधारात नाळ उतरा, धरणाच्या फुगवट्यात उलट्या वाऱ्याला वल्ही मारा, हवे तेवढे साहस करा. चौघांनी मिळून करा. रेंगाळणाऱ्याची सॅक घ्या, त्याला दोरीने ओढा, नाही जमले तर सगळे परत फिरा. संघाची स्पर्धा म्हणून शुल्क भरले होते ना?

शासनाकडे बोट दाखवायची आपली सवयही आता पुरे. साहसी उपक्रमांवरचा क्रीडा विभागाचा २०१८ चा शासन निर्णय आहे, २०२१ चे साहसी पर्यटनाचे धोरण आहे, नोंदणी आणि विमा यांची भाषा दोन्हीकडे आहे. संघ फुटला तर काय, हे मंत्रालयातून कोणी येऊन ठरवणार नाही. ते आयोजकांच्या नियमपत्रातच हवे. या स्पर्धेचे नियमपत्र मी मागवून वाचले. जबाबदारी झटकणारा मजकूर त्यात दोन पाने आहे, बारीक इंग्रजीत. एकत्र राहण्याबद्दल एक ओळ आहे आणि तिच्यापुढे ते वीस मिनिटांचे दरपत्रक. सक्तीच्या सामानाची तपासणी फक्त आरंभरेषेवर, म्हणजे शिट्टी वाजली की जॅकेट गाडीत टाकायला मोकळे. मधल्या एखाद्या चेकपॉइंटवर, न सांगता, चौघांच्या सॅका उघडून पाहायला किती वेळ लागतो?

आणखी एक गोष्ट, विषय थोडा सोडून. असा एखादा गडी खरोखर दरीत गेला की फोन जातो तो महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला. तिथून निरोप गेला की गावोगावची गिर्यारोहक मुले नोकरी, दुकान टाकून रात्रीबेरात्री निघतात. बहुतेकांना त्याचा एक रुपया मिळत नाही, दोरही ती पदरमोड करून आणतात. स्पर्धेच्या व्यासपीठावर प्रायोजकांचे फलक लागतात, रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी दाखवली जाते, आणि या मुलांना आयोजकांकडून समारोपाला शाल मिळते. शालीने दरीतून माणूस निघत नाही. प्रवेशशुल्कातला ठरलेला वाटा त्यांच्या साहित्यासाठी द्यावा.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. त्या झाडाखाली बसवलेल्या मुलाचे नाव आपल्या बातमीत नव्हते, वर गेलेल्या तिघांची नावे ठळक होती. पुढच्या हिवाळ्याची नावनोंदणी आता सुरू होईल. ‘संघ फुटला तर संघ बाद’ हे वाक्य नियमपत्रात छापलेले दिसत नाही, तोवर कोणी शुल्क भरू नये.

– एक माजी स्वयंसेवक, पुणे