गृहव्यवस्था : फरशीवरील डाग आणि आंबट उपाय

सणवार आटोपले, पाहुणे परतले, म्हणजे गृहिणीचें लक्ष फरशीकडे जातें. समईखालीं तेलाचा काळपट चट्टा, देवघरांत हळदकुंकवाचे ठिपके, ओट्यावर चहाच्या कपाचें वर्तुळ आणि गॅसच्या टाकीखालीं गंजाचें कडें! तांब्यापितळेच्या भांड्यांस जी चिंच कामास येते, तीच येथेंहि चालवावी असें सहज मनांत येतें. परंतु भगिनींनो, येथेंच क्षणभर थांबावयास हवें.

संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. आंबट पदार्थाचा स्पर्श होतांच त्यांतील चुना विरघळूं लागतो व झिलई जाते. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि मोरी धुण्याचें ॲसिड या सर्वांचा गुण एकच; तीव्रता तेवढी कमीअधिक. ॲसिड ओततांच फेस येतो आणि फरशी उजळलीशी वाटते. वस्तुतः डागासकट दगडाचा वरचा थरच निघालेला असतो. उघडा पडलेला खरखरीत भाग पुढें अधिकच मळ धरतो, आणि मग पुन्हां ॲसिडची बाटली! डाग बाहेरून आलेला असतो, म्हणून तो काढतां येतो. ही मात्र दगडाची जखम होय. ती कितीहि धुतली तरी भरत नाहीं. कारागिराकडून पुन्हां घासून घ्यावें लागतें. पंचामृतांतील दह्यानेंहि संगमरवरावर असे निस्तेज ठसे उठतात. यास्तव अभिषेक ताम्हनांतच करावा व सांडलेलें तत्काळ पुसावें.

दगडाची जात ठाऊक नसल्यास एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यांत लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि पांच मिनिटांनीं पुसून पाहावें. तेथें चमक मावळली तर दगड चुन्याचा समजावा. ग्रॅनाइट व आपला काळा पाषाण या जातीचे नव्हेत. तरी त्यांवरहि ॲसिडाची गरज नाहीं.

मग करावें काय? डाग घासावयाचा नसून शोषून घ्यावयाचा असतो. ताजें तेल प्रथम फडक्यानें टिपून घ्यावें, पसरूं देऊं नये. जुन्या डागासाठीं मुलतानी माती किंवा खाण्याचा सोडा पाण्यांत दह्यासारखा घट्ट कालवून बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका जाड लेप द्यावा. वरून प्लॅस्टिकचा कागद झांकून एक दिवस ठेवावा; नंतर कागद काढून लेप आपोआप सुकूं द्यावा. सुकतांना तो आंतील तेल वर ओढतो. लाकडी पट्टीनें खरवडून स्वच्छ पाण्यानें पुसावें. एका खेपेस डाग न गेल्यास दोनतीनदां हेंच करावें. हा उपाय क्षुल्लक समजूं नये. ताजमहालाच्या पिवळसर पडलेल्या संगमरवरावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानें १९९४ पासून अनेकवार मुलतानी मातीचेच लेप दिले आहेत.

चहा व हळद यांचे डाग रंगाचे. त्यांसाठीं शंखजिऱ्याची पूड औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्यें कालवून तसाच लेप द्यावा. येथें मुलतानी माती नको. तिच्यांतील लोहामुळें औषधाचा जोर वायां जातो. हातांत रबरी मोजे घालावे. गडद दगडाचा रंग यानें फिका पडण्याचा संभव असतो, म्हणून आधीं कोपऱ्यांत पाहावें. गंज मात्र घरगुती उपायांस सहसा दाद देत नाहीं. टाकीखालीं लाकडी पाट किंवा रबरी चकती ठेवणें हेंच बरें.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. डाग लवकर जावा म्हणून कोणी ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र करतात. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो, आणि बंद मोरींत तो प्राणघातक ठरूं शकतो. हीं दोन्हीं एकत्र कधींहि करूं नयेत, आणि लहान मुलांच्या हातीं लागतील अशीं ठेवूंहि नयेत.

मोठ्या कुटुंबांत फरशीवर डाग कोणी पाडला आणि ती खराब कोणी केली याची चर्चा फार होते, आणि बहुधा बोल लागतो तो नव्या सुनेला किंवा मोलकरणीला. जिनें अंग मोडून फरशी घासली, तिला दगडाची जात कोणी सांगितली होती काय? तेवढी माहिती आधींच घरांतील सर्वांस, पुरुषांसहि, दिलेली असावी.